मोत्याच्या पाठीवरचा चटका

जुन्नर तालुक्यातल्या एका वस्तीवरून पत्र आलं आहे. लिहिणाऱ्या ताईंनी नाव-गाव छापू नका म्हणून विनवलं आहे, म्हणून ते देत नाही. घर गावापासून लांब, उसाच्या कडेला. कांद्याची लागण चालू, त्यामुळं त्या आणि त्यांचे यजमान दिवसभर वाफ्यांत. मुलगा अडीच वर्षांचा. सासूबाई गुडघ्यांनी अधू झालेल्या, धावत्या पोरामागं त्यांना फिरवत नाही. म्हणून ओळखीतली एक पन्नाशीची विधवा बाई मुलाला सांभाळायला घरीच राहायला ठेवली. दोन वेळचं जेवण, वर्षाचं लुगडं आणि महिन्याला ठरलेले पैसे. बाई हाताची स्वच्छ आहे. पोराला वेळेवर भरवते, न्हाऊ घालते. त्याबद्दल ताईंची काही तक्रार नाही.

तक्रार आहे ती मोत्याबद्दल. मोत्या म्हणजे चार वर्षांचा गावठी कुत्रा, पोराच्या आधीपासून घरातला. हल्ली बाईची चाहूल लागली की तो शेपूट पायांत घालून गव्हाणीखाली शिरतो. एका दुपारी ताई अवचित घरी आल्या, तर मोत्या हातभर दोरीनं खांबाला बांधलेला, अंगावर ऊन, पुढ्यात पाण्याचं भांडं नाही आणि पाठीवर भाजल्याची जखम. विचारलं तर बाई म्हणाली, "भाकरीच्या टोपल्यात तोंड घालत होता." यजमानांच्या कानावर घातलं, तर ते म्हणाले, "कुत्रंच ते. बाई गेली तर लागण कशी उरकायची?" शेवटी ताईंनी विचारलं आहे, "मी उगाच राईचा पर्वत करते आहे का?"

नाही ताई, राईचा पर्वत नाही. यजमानांची अडचण खरी आहे. ऐन लागणीत माणूस मिळत नाही, आणि घरात राहून पोर सांभाळणारी बाई तर नाहीच नाही. पण हा प्रश्न कुत्र्यापुरता नाही. मोत्याला बोलता येत नाही आणि तुमच्या लेकराला अजून धड सांगता येत नाही. दोघंही दिवसभर एकाच माणसाच्या हाती आहेत. म्हणून पहिलं काम आजच करा. संध्याकाळी पोराला स्वतः न्हाऊ घाला आणि अंग नीट बघा. दंडाच्या आतल्या बाजूला, मांडीवर, पाठीवर, कानामागं काही वळ, चिमटा, डाग आहे का? बाई जवळ आली की तो खुशीनं झेपावतो की अंग चोरतो? झोपेत दचकून उठतो का? कुत्र्याला मारणारं प्रत्येक माणूस पोरालाही मारतं असं मी म्हणणार नाही, तसं म्हणणं अन्यायाचं होईल. पण शंका आल्यावर न बघणं ही दुसरी चूक. पोराच्या अंगावर एक जरी खूण सापडली, तर पुढचं काही वाचू नका. त्याच दिवशी हिशेब करून बाईला घरी पाठवा, मग लागण आठ दिवस लांबली तरी लांबू द्या.

पोर सुखरूप असेल, तर मात्र घाई नको. बाईनं असं का केलं ते आधी समजून घ्या. माझ्या पाहण्यात कुत्र्याला मारणाऱ्या बायका बहुधा दोन तऱ्हेच्या. एक घाबरणारी. लहानपणी कधी चावलं असेल, गावात पिसाळलेलं कुत्रं पाहिलं असेल, ती भीती जात नाही. अशी बाई कुत्रं जवळ आलं की हाताला येईल ते उचलते. दुसरी कामानं पिचलेली. तुम्ही तिला पोर सांभाळायला ठेवलंत. मग हळूहळू भांडी आली, अंगण आलं, सासूबाईंचा शेक आला, आणि मोत्यानं केलेली घाणही तिनंच काढायची. तुम्हाला ती उलट बोलू शकत नाही. राग निघतो मुक्या जनावरावर. घरोघरी हे असंच चालतं: मोठा धाकट्याला बोलतो, धाकटा गड्याला आणि गडी बैलाला.

तेव्हा बाईशी बोला. पण सगळ्यांदेखत नको आणि आरोप करूनही नको. पोर झोपल्यावर दोघीच बसा. "मावशी, मोत्याची भीती वाटते का तुम्हाला?" असं विचारा. "का मारलं?" विचारलंत तर ती आपली बाजू मांडत बसेल, भीतीचं विचारलंत तर खरं बोलेल. मग चटक्याचं विचारा. इथं एक फरक ध्यानात ठेवा. कुत्रं मोकळं असताना टोपल्यात तोंड घालतं, बाई हाकलायला चुलीतलं लाकूड उगारते आणि ते लागतं, हे वाईट, पण समजण्यासारखं आहे. कुत्र्याला आधी बांधलं आणि मग चटका दिला, तर ती भीती नव्हे आणि संतापही नव्हे. अशा बाईला मी एक दिवसही पोराजवळ ठेवणार नाही, मग ती कामाला कितीही स्वच्छ असो.

पहिल्या तऱ्हेचं निघालं, तर वाट सोपी आहे. मोत्याचं सगळं काम बाईकडून काढून घ्या. त्याची भाकरी, पाणी, घाण काढणं, बांधणं-सोडणं हे यजमानांनी किंवा तुम्ही करायचं. भाकरीचं टोपलं शिंक्यावर टांगा, म्हणजे भांडणाचं कारणच संपलं. मोत्याची जागा गोठ्याच्या बाजूला सावलीत ठरवा. बांधावंच लागलं तर दोरी लांब हवी, त्याला उठता-बसता, वळता आणि पाण्यापर्यंत जाता आलं पाहिजे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून, जिभेवाटे अंग थंड करतो. भर उन्हात पाण्यावाचून बांधलेलं कुत्रं दुपारपुरतं हाल सोसत नाही, मरूनही जातं. आणि बाईला स्पष्ट सांगा की या घरात मोत्याला हात लावायचा नाही, पुन्हा झालं तर काम सुटेल. एकदाच सांगायचं, पण पाळायचं. अधूनमधून दुपारी अवचित घरी यायचं.

आता यजमानांसाठी दोन शब्द. हे त्यांना वाचून दाखवा. मार खाणारं कुत्रं दोन गोष्टी शिकतं: गुरगुरलं की आणखी मार बसतो, म्हणून गुरगुरायचं नाही, आणि माणसाचा हात जवळ आला की दुखतं. असं कुत्रं एक दिवस न गुरगुरता चावतं, आणि चावतं ते बहुधा बाईला नाही, तर खेळायला जवळ गेलेल्या पोराला. त्याचं तोंड कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असतं. तसं झालंच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची. हळद, चुना, मिरची काही भरायचं नाही. लगेच प्राथमिक आरोग्य केंद्र गाठायचं, आणि सांगितल्या तारखांना सगळ्या सुया पुऱ्या करायच्या. कुत्रं घरचं आहे म्हणून थांबायचं नाही. मोत्याला रेबीजची लस दरवर्षी टोचता ना? टोचली नसेल तर याच आठवड्यात जनावरांच्या दवाखान्यात न्या. पाठीची जखमही तिथंच दाखवा. भाजल्यावर राख किंवा तेल चोपडू नये, आणि उघड्या जखमेवर माशी बसली की किडे पडायला वेळ लागत नाही. माणसाची दुखण्यावरची गोळी त्याला घालू नका, कुत्र्याला ती बाधते.

दुसरं बिबट्याचं. २००१ च्या सुमारास तुमच्या जुन्नर भागात बिबट्याचे हल्ले वाढले, तेव्हापासून उसाकडेच्या वस्तीवर रात्र कशी जाते ते मी सांगायला नको. शेजारच्या अकोले तालुक्यात बिबट्याच्या खाण्याचा अभ्यास झाला, त्यात सगळ्यांत मोठा वाटा कुत्र्यांचाच निघाला. चाहूल लागून मोत्या भुंकतो म्हणून तुम्ही जागे होता. तो भेदरून गव्हाणीखाली बसला, तर भुंकणार कोण? आणि रात्री अंगणात बांधून ठेवला, तर तो राखणदार नव्हे, बिबट्याला दिलेलं आमंत्रण. रात्री त्याला आत किंवा बंद गोठ्यात घ्या.

कायदाही आहे. जनावरांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा कायदा १९६० चा. मारणं, लाथ घालणं, आखूड दोरीनं तासन्‌तास बांधणं, पाणी-खाणं न देणं हे सगळं त्यात गुन्हा ठरतं. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये, म्हणजे आज चहा-भज्यांचे पैसे. पण जनावर मारून टाकणं, विष घालणं किंवा कायमचं जायबंदी करणं याला १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पाच वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. पोलिसांत जा असं मी या प्रकरणात सांगत नाही. पण "कुत्रंच ते" एवढ्यावर हात झटकता येत नाहीत, हे कळलेलं बरं. दत्ताच्या तसबिरीपुढं हात जोडताना पायाशी चार कुत्री दिसतात, तेव्हा आपण असं म्हणत नाही.

एक विचारते, राग मानू नका. घरातलं दुसरं कोणी मोत्याला लाथ घालत नाही ना? बैलाच्या पराणीला खिळ्याची आर आहे का? तीही १९६५ च्या नियमांनी बंद आहे. बाई नव्यानं घरात आली, तिनं काय पाहिलं ते करते. पोरही बघतं आहे. अडीच वर्षांचं लेकरू उद्या हातात काठी घेऊन मोत्यामागं धावलं, तर ते कोणाकडून शिकलं हे विचारावं लागेल.

पत्रात नाही, पण लिहून टाकते. बाई परवडत नाही म्हणून काही घरांत दहा-बारा वर्षांची पोर आणून ठेवतात. तिला ना मूल सांभाळता येतं, ना कुत्र्याची भीती आवरता येते. चौदा वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवायला २००६ पासून बंदी आहे. तो रस्ता धरू नका.

बाईला काढायची वेळ आलीच, तर तिचे दिवसांचे पैसे आणि ठरलेलं लुगडं देऊन पाठवा, वस्तीवर तिची बदनामी करू नका. लागणीसाठी शेजारच्या दोन-तीन वस्त्यांवर विचारा. कांद्याला जशी सावड करता तशी पोरांची करा: रोज एका घरच्या बाईनं सगळी पोरं सांभाळायची, बाकीच्यांनी वाफ्यात जायचं, आणि तिची लागण सगळ्यांनी मिळून करायची. सहा महिन्यांनी तुमचा मुलगा तीन वर्षांचा होईल, मग तो अंगणवाडीत बसेल. तोवर एवढं जमवा.