बोजा जीपमध्ये, म्हणून वहिनीही जीपमध्ये?



सांगलीच्या एका वाचक भगिनींचं पत्र समोर आहे. चार घरांनी मिळून जानेवारीत अलिबाग ते रत्नागिरी सायकलने जायचं ठरवलंय, समुद्रकाठाने, सहा मुक्काम करत. बाई स्वतः वर्षभर दर रविवारी 30 किलोमीटर सायकल चालवतात. पण बैठकीत ठरलं काय, तर "सामानाची जीप मागून येईल, तिच्यात वहिनी बसतील. तेवढीच नाश्त्यापाण्याची सोय!" बाई विचारतात, सामान न्यायला दुसरा काही मार्ग नाही का?

आहे तर! पण आधी सामानाकडेच बघू या. जीप लागते ती बहुधा आपण घर उचलून न्यायला निघतो म्हणून. माणशी 8 किलो, त्यावर एक रुमालही नाही, असं ठरवून टाका आणि निघण्याआधी प्रत्येकाची पिशवी काट्यावर ठेवा. सायकलवर घालायचे दोन जोड, मुक्कामावरचा एक, टॉवेल पातळ. कोकणच्या दमट हवेत सुती कपडा रात्रीतून वाळत नाही, म्हणून सायकलवरचे कपडे झटपट वाळणारेच हवेत. चादरी, भांडीकुंडी, चिवड्याचे डबे घरीच राहू द्या. वाटेत श्रीवर्धन, दापोली, गुहागर ही गावं आहेत, उपाशी कुणी राहणार नाही.

एवढं वजन ज्याचं त्याने आपल्या सायकलवर न्यावं हे उत्तम. पाठीवर मात्र मुळीच नको. दुपारपर्यंत पाठ घामाने भिजते आणि खांदे भरून येतात. आपला दूधवाला किटल्या कशा लावतो आठवा: मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना, खाली, सारख्या वजनाच्या. तसंच करायचं. कॅरिअरला अडकवायच्या जोडपिशव्या सायकलच्या दुकानात 'पॅनिअर' या नावाने मिळतात. महाग वाटल्या तर बॅगा शिवणाऱ्याकडून जाड कॅनव्हासच्या शिवून घ्या. जड वस्तू तळाशी, आणि आत प्रत्येक गोष्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत. पिशवी जरा मागे सरकवून बांधा, नाही तर पायडल मारताना टाच लागत राहते. काही नव्या सायकलींना कॅरिअर बसवायला भोकंच नसतात, ते आताच तपासा, आदल्या दिवशी नव्हे. बांधायला जुन्या ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्या फार छान. मात्र पट्टीचं टोक किंवा ओढणी चाकाच्या आऱ्यांत जाता कामा नये. यात हयगय नको. मागच्या चाकात हवाही नेहमीपेक्षा जरा जास्त लागते. आणि भरल्या सायकलचा घरच्या रस्त्यावर, चढ-उतारावर, एकदा सराव कराच. ती वळताना निराळी वागते.

ज्यांना एवढंही ओझं झेपणार नाही, त्यांच्यासाठी दुसरा उपाय. कोकणात घरगुती राहण्याची सोय करणारी मंडळी मदतीला तत्पर असतात. मुक्काम ठरवतानाच फोनवर विचारा: "आमच्या चार पिशव्या पुढच्या गावी रिक्षाने पोचवाल का?" भाडं आधी ठरवा. पिशवीवर नाव, फोन आणि पुढच्या घराचा पत्ता लिहिलेला असू द्या, आणि देताना पिशव्यांचा एक फोटो काढा. युरोपात डॅन्यूब नदीकाठी पासाऊहून व्हिएन्नापर्यंत सायकलने जाणाऱ्यांचं सामान असंच एका मुक्कामावरून दुसऱ्या मुक्कामावर जातं. तिथे तो धंदाच आहे. एस.टी.च्या पार्सलचा विचार करायचा तर ते डेपोत जाऊन सोडवावं लागतं, आणि रोज संध्याकाळी दमून ही धावपळ नकोशी होते. परतीचे कपडे रत्नागिरीला आधीच पाठवण्यापुरतं ते ठीक.

आता जीपच घ्यायची असेल तर घ्या बाई, त्यात कमीपणा नाही. सायकल बिघडली, कुणाला ताप आला, तर तीच उपयोगी पडते. पण ड्रायव्हर पगारी ठेवा आणि खर्च चार घरांत वाटा. तो परवडत नसेल तर गाडी चालवणाऱ्या सगळ्यांची अर्ध्या-अर्ध्या दिवसाची पाळी लावा. बायकांची तशी पुरुषांचीही, आणि कागदावर लिहून! पाळीवरच्याने नाश्त्याचंही बघावं. पोहे सांगायला काही वहिनीच लागत नाहीत.

या वाटेवर आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेशवी, दाभोळ–धोपावे आणि तवसाळ–जयगड अशा खाड्या फेरीबोटीने ओलांडता येतात. तिच्यात सायकली चढतात, तशी जीपही चढते. बोटींच्या वेळा आदल्या दिवशी विचारून ठेवा. बोट चुकून जीप रस्त्याने निघाली तर दाभोळहून गुहागर गाठायला तिला चिपळूणवरून मोठा वळसा पडतो, आणि तुम्ही पलीकडे कपड्यांची वाट बघत बसता. धक्क्यावर शेवाळ असतं, तिथे सायकलवरून उतरून ढकलत चला.

म्हणूनच, सामान कसंही जावो, हँडलच्या छोट्या पिशवीत रोजची औषधं, पैसे, फोन, ओळखपत्र, पंक्चरचं सामान, पॅड आणि एक कोरडा कुडता हे आपल्याजवळच हवं. जीपवाल्याला "जरा थांब, गोळी काढते" म्हणायला फोनची रेंज प्रत्येक वळणावर मिळत नाही.

सांगलीच्या ताईंनी पुढच्या बैठकीला वजनकाटा आणि पाळ्यांचा कागद घेऊन जावं. आणि काय ठरलं ते आम्हाला जरूर कळवावं.