बाहेर पडल्याचं सर्टिफिकेट

दोस्तांनो, तुरीचं पोतं एकदा पाठीवर घेऊन बघा. पोत्यावर छापलेलं असतं मोझांबिक. मी मॅट्रिक झालेला गोदीतला हमाल. पोतं उतरवताना डोक्यात किडा वळवळतो : लातूरला तूर पिकते, मग ही तूर समुद्र ओलांडून कशाला आली? उत्तर शोधायला गेलो तर ते एका पुस्तकात मावत नाही. 2016 साली दिल्लीनं मोझांबिकशी तुरीचा करार केला, हे राजकारण. लातूरच्या अडतीवर भाव कोसळतो, हे अर्थशास्त्र. पाऊस दगा देतो, हा भूगोल. आणि पोतं वाहणारी पाठ पिढ्यान्‌पिढ्या कुठल्या वस्तीतून येते, हे समाजशास्त्र. पाठ एक, विषय चार.

विद्यापीठवाल्यांना हे आता उमगलंय म्हणे. 2020 साली राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं. डिसेंबर 2022 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं आराखडा काढला. चार वर्षांची ऑनर्स पदवी, विषयांच्या भिंती पाडणारी. विज्ञानवाल्यानं इतिहास वाचायचा, इतिहासवाल्यानं गणित करायचं. झकास!

आमचा याला विरोध नाही. जात काय एका विषयाच्या वर्गात बाकावर बसून राहते? ती पाणवठ्यावर आहे, सातबाऱ्यावर आहे, पगारात आहे, लग्नाच्या मांडवात आहे. तिला धरायचं तर सगळ्या विषयांकडून नाकेबंदी करावी लागते. बाबासाहेबांनी तेच केलं. 1913 साली कोलंबियात गेले आणि अर्थशास्त्राबरोबर इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र सगळं पिऊन टाकलं. जातीवरचा निबंध त्यांनी 9 मे 1916 रोजी वाचला तो गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारात. भिंती पाडणं म्हणजे काय ते आम्हाला कुणी शिकवू नये.

आता आराखड्याचं पोट फाडू. ऑनर्सची एकूण 160 क्रेडिट. त्यात 'बहुविद्याशाखीय' नावाची क्रेडिट किती? 9. दुय्यम विषयाची 32 धरली तरी एकेचाळीस. एवढ्यावर भिंती पडल्याचे ढोल!

पण खरी मेख पायऱ्यांत आहे. एक वर्ष करून सुटलात तर सर्टिफिकेट. दोन वर्षांनी डिप्लोमा. तीन वर्षांनी पदवी. चार वर्षं टिकलात तर ऑनर्स, म्हणजे मान. त्यातही संशोधनाचं ऑनर्स पाहिजे तर पहिल्या सहा सेमिस्टरांत 75 टक्के आणा. चार पायऱ्या! आकडा ओळखीचा वाटतो ना?

माझी धाकटी बहीण 2024 साली कॉलेजात गेली. आमच्या घरातली पहिली. इतिहास घेतला, जोडीला अर्थशास्त्र. रात्री मोरीजवळच्या दिव्याखाली वाचायची. मला विचारायची, दादा, तुमच्या पाळीचा हिशोब कोण लिहितं? कंत्राटदार किती खातो? ती माझ्या कामाचं संशोधन करत होती, आणि अजून ऑनर्सचा पत्ता नव्हता. मग आईचं ऑपरेशन निघालं. माझ्या पाळ्या तुटल्या. वर्षअखेर बहीण बाहेर. नियमाप्रमाणं चार क्रेडिटचा धंदेशिक्षणाचा कोर्स केला आणि सर्टिफिकेट हातात पडलं. आज मॉलमधल्या बिलिंग काउंटरवर दहा तास उभी असते.

कुणी साहेब म्हणेल, अरे, पूर्वी तर मधेच सोडणाऱ्याला काहीच मिळत नव्हतं, आता कागद तरी मिळतो. बरोबर आहे साहेब. पूर्वी याला गळती म्हणायचे. गळती म्हटलं की कुणाला तरी निदान लाज वाटायची. आता 'एक्झिट' म्हणतात. लाजही गेली. भुकेनं हाकललं तिला आणि कागदावर लिहिलं, विद्यार्थिनीनं पर्याय निवडला!

आणि म्हणे परत या, दार उघडं आहे. तीन वर्षांच्या आत या, सात वर्षांत उरका.

दार उघडं असणं म्हणजे काय ते इतिहासालाच विचारू. 1917 साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि बाबासाहेबांना लंडनचं शिक्षण अर्ध्यावर टाकून यावं लागलं. विद्यापीठानं परत यायला चार वर्षांची मुदत दिली. पण ते 1920 साली परत गेले ते काय त्या मुदतीच्या कागदावर बसून? सिडनहॅम कॉलेजच्या पगारातून पैसा पैसा साठवला, शाहू महाराजांनी हात दिला, नवल भथेना या पारशी मित्राकडून कर्ज काढलं, तेव्हा बोट मिळाली. बोटीचं भाडं दार देत नाही. आमच्या बहिणीला कुठला महाराज?

महात्मा फुल्यांनी 1882 साली हंटर कमिशनपुढं हेच गाऱ्हाणं मांडलं होतं. कर भरतो शेतकरी, शिकतात वरचे. शिक्षण वरून झिरपत खाली येईल, ही थाप त्यांनी तेव्हाच ओळखली. आज झिरपायला चार मडकी ठेवलीत एवढंच.

म्हणून दोस्तांनो, ऑनर्स नको असं म्हणू नका. ऑनर्स आमचंच आहे असं म्हणा, आणि हिशोब मागा. प्रत्येक कॉलेजानं दर वर्षी भिंतीवर लावावं : पहिल्या वर्षानंतर किती बाहेर गेले, कुठल्या जातीचे, किती कमाईच्या घरातले. प्रवेश घेतानाच चारही वर्षांची शिष्यवृत्ती आणि वसतिगृह लिहून द्या. परत येण्याची तीन वर्षांची अट मोडून टाका. दारिद्र्य काय कॅलेंडर बघून संपतं? पाळीवर जाणाऱ्यांसाठी संध्याकाळी ऑनर्सचे वर्ग काढा. आणि तुमच्या आराखड्यात इंटर्नशिपला क्रेडिट आहे ना? मग काउंटरवर उभ्या पोरीचं वर्ष, गोदीतल्या पोराची पाळी त्यात धरा. साहेबाच्या पोरानं एसीत दोन महिने फाईल चाळली तर तो अनुभव, आणि आमचा घाम काय नुसता वास?

बहिणीची मुदत 2028 ला संपते. पुस्तकं तिनं विकलेली नाहीत. माझ्या आकड्याशेजारी खिळ्याला पिशवीत टांगून ठेवलीत. रोज पाळीला निघताना आकडा काढतो तेव्हा पिशवी हलते.

ती पिशवी आम्ही कॉलेजात परत नेणार आहोत. दार उघडं ठेवायची मेहेरबानी नको. भाडं ठेवा.