विश्लेषण : टायटॅनियमची सायकल कार्बनपेक्षा खरेच मऊ चालते का?

शहागडला गोदावरीवरचा पूल ओलांडला की जालना जिल्हा संपतो आणि बीड सुरू होतो. सोलापूर-धुळे राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५२ इथूनच जातो. हा चौपदरी रस्ता सोडून पैठणकडे किंवा आतल्या गावांकडे वळले, की सायकलस्वाराची गाठ काळ्या मातीशी पडते. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावरचे डांबर तिच्याबरोबर वर-खाली होते. त्यात ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची वर्दळ. अशा रस्त्यावर शंभर-दोनशे किलोमीटर चालवणाऱ्याला ‘कार्बन हाडे खिळखिळी करतो, टायटॅनियम लोण्यासारखे चालते’ असे कुणी सांगितले, तर दोन-तीन लाख रुपये खर्च करण्याचा मोह होणारच. म्हणून त्या दाव्यात तथ्य किती, हे खरेदीआधी पाहायला हवे.

हा समज आला कुठून?

१९८६मध्ये ग्रेग लेमाँडने ‘टूर द फ्रान्स’ जिंकली, ती कार्बनच्या नळ्यांच्या सायकलवर. पुढे कार्बनने शर्यतींचे जग व्यापले. शर्यतीच्या फ्रेमला एकच गुण हवा असतो : पायडलवर दिलेला जोर वाया न जाता मागच्या चाकाला पोहोचावा. त्यासाठी ती ताठ बांधतात. त्यावर २३ मिमीचे अरुंद टायर आणि ११०-१२० पीएसआय हवा, असा जमाना बरीच वर्षे होता. त्या सायकली अंगावर यायच्या यात शंका नाही. दोष मात्र कार्बनच्या माथी मारला गेला.

टायटॅनियमची बाजूही निराधार नाही. सायकलीत सहसा ३ टक्के ॲल्युमिनियम आणि अडीच टक्के व्हॅनेडियम मिसळलेले टायटॅनियम वापरतात. त्याची घनता पोलादाच्या जेमतेम ६० टक्के आणि ताठरपणा साधारण निम्मा. त्यामुळे बारीक, लवचीक नळ्यांची फ्रेम करता येते आणि स्वाराला तिची एक प्रकारची ‘स्प्रिंग’ जाणवते. पण जाड, रुंद नळ्यांचे टायटॅनियमही तितकेच ताठ होऊ शकते. कार्बनमध्ये तर धाग्यांचे थर कोणत्या दिशेने आणि किती घालायचे, यावर एकाच साच्यातून एक मऊ आणि एक कडक फ्रेम निघते. शिवाय धागे धरून ठेवणारे रेझिन बारीक कंप धातूपेक्षा लवकर विझवते. ‘कार्बन कसा चालतो’ हा प्रश्नच त्यामुळे अर्धवट आहे. कोणता कार्बन, हे आधी सांगावे लागते.

हादरा नेमका कोण गिळतो?

सायकलची फ्रेम म्हणजे दोन त्रिकोण, आणि त्रिकोण ही उभ्या भारापुढे फारशी न वाकणारी रचना. खड्ड्यातून जाताना फ्रेम, मग ती कशाचीही असो, उभ्या दिशेने जेमतेम मिलिमीटरभर दबते. टायर त्याच्या कितीतरी पट दबतो. बाहेर बरीच उंच काढलेली बारीक सीटपोस्टही काही मिलिमीटर वाकते. हादऱ्याचा मोठा वाटा टायर घेतो, नंतर सीटपोस्ट, खोगीर आणि हँडलची पट्टी. फ्रेमच्या वाट्याला उरतो तो चुरा.

म्हणून २५ मिमीचा टायर काढून ३२ मिमीचा बसवला आणि ७० किलोच्या स्वाराने हवा ६० पीएसआयच्या आसपास आणली, तर जो फरक पडतो तो फ्रेम बदलून पडणार नाही. चांगल्या टायरची जोडी सहा ते दहा हजारांत येते. टायटॅनियमची नुसती फ्रेम लाखाच्या वर, आणि नामांकित बनावटीची असेल तर आयातशुल्कासह दोन-तीन लाखांच्या पुढे. दुकानदार हे आपणहून सांगेलच असे नाही.

धातू एवढा महाग का, याचे उत्तर मजेशीर आहे. टायटॅनियमचे खनिज, इल्मेनाइट, आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काळ्या वाळूत सापडते. दुर्मीळ नाही. पण त्यातून धातू वेगळा काढणे किचकट. केरळमधील चवरा येथे देशातला टायटॅनियम स्पंजचा कारखाना उभा राहिला तो २०११मध्ये, आणि तोही मुख्यतः अवकाश व संरक्षणाच्या गरजेसाठी.

मग टायटॅनियम घ्यायचेच कशाला?

मऊपणासाठी नव्हे, टिकाऊपणासाठी. वजनात कार्बन पुढे आहे : चांगली कार्बन फ्रेम ८०० ते ११०० ग्रॅम, टायटॅनियमची साधारण १३०० ते १६००. पण सायकल जीपच्या टपावर दोरीने आवळून नेली, दगड उडून नळीवर बसला, उभी केलेली सायकल कुंपणाच्या खांबावर कोसळली, तर कार्बनला आतून तडा जाऊ शकतो आणि वरचा रंग शाबूत राहतो. टायटॅनियमला पोचा पडतो, तो दिसतो. ते गंजत नाही, त्याला रंगही लागत नाही. उन्हाची भीती मात्र कार्बनबाबत उगाच घातली जाते. मराठवाड्यातल्या ४३-४४ अंशांनी त्याचे रेझिन मऊ पडत नाही.

दुसरी बाजूही आहे. टायटॅनियमची फ्रेम सांध्यापाशी चिरली, तर शहागडच काय, जालन्यातल्या नेहमीच्या वेल्डिंगच्या दुकानातही ती जुळणार नाही. तापलेल्या टायटॅनियमला हवा लागली की सांधा ठिसूळ होतो, म्हणून नळीच्या आतून-बाहेरून आर्गॉन वायू सोडून जोडावे लागते. कार्बनची दुरुस्ती होते, तीही मोठ्या शहरातल्या जाणकाराकडेच. दोन्हींना गावात वाली नाही, हे धरूनच पैसे मोजावेत.

लांब पल्ल्याच्या ब्रेव्हे राइडमध्ये २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ६०० किलोमीटरला ४० तास मिळतात. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’चे सुमारे ४,८०० किलोमीटर नऊ दिवसांच्या आत पूर्ण केले. एवढ्या अंतरात हात बधिर होतात, मान आखडते. त्याचे पहिले कारण बहुतेक वेळा हँडलची उंची, खोगीर आणि बसण्याची ठेवण हे असते. माप चुकलेली टायटॅनियमची सायकल मापात बसलेल्या साध्या ॲल्युमिनियमच्या सायकलपेक्षा जास्त त्रास देते.

तरीही नवी फ्रेम घ्यायचीच असेल, तर दुकानात धातूच्या आधी एक गोष्ट विचारावी : हिच्यात किती रुंद टायर बसतो? जुन्या रिम ब्रेकच्या अनेक फ्रेममध्ये २५ किंवा फार तर २८ मिमीच मावतो. ३२ मिमीचा टायर बसून वर चिखलाला बोटभर जागा उरत नसेल, तर शहागडच्या आतल्या रस्त्यांसाठी ती फ्रेम परत ठेवलेली बरी, मग ती टायटॅनियमची असो वा कार्बनची.