नव्या विश्वस्तांकडून अपेक्षा

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांत गरजू विद्यार्थ्यांना फी, पुस्तके, अभ्यासिका आणि मार्गदर्शन मिळवून देणाऱ्या लहानमोठ्या संस्था व मंडळे आहेत. वार्षिक सर्वसाधारण सभा झाल्या की त्यांच्या कार्यकारी मंडळांवर नवी माणसे येतात, हारतुरे होतात, फलकावर नव्या नावांची भर पडते. सुशिक्षितांनी सार्वजनिक कामाकडे पाठ फिरविल्याची तक्रार नित्य ऐकू येत असताना नोकरी, दुकान वा संसार सांभाळून कोणी हे काम पत्करीत असेल, तर त्याचे मनापासून स्वागतच केले पाहिजे. परंतु स्वागताच्या दिवशीच एक प्रश्न विचारून ठेवणे हिताचे ठरेल. विश्वस्त नेमका कोणाला जबाबदार असतो? निवडून देणाऱ्या सभासदांना, पैसा देणाऱ्या देणगीदारांना, की ज्याच्या नावाने हा सारा व्यवहार चालतो त्या विद्यार्थ्याला?

या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी हा विद्यार्थी कोण आहे हे पाहावयास हवे. दुसऱ्या महायुद्धातील कल्याण लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना आसरा मिळाला, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वसाहतीची कोनशिला बसून उल्हासनगर जन्मास आले. शेजारचे अंबरनाथ शिलाहारकालीन शिवमंदिरासाठी ख्यातनाम. पण त्याचे आजचे रूप घडविले ते आयुध निर्माणीने, काडेपेटीच्या विमको कारखान्याने आणि औद्योगिक वसाहतीतील रासायनिक कारखान्यांनी. मुंबईतील घर परवडेनासे झालेला कामगार व कारकून अखेर सुमारे ६८ किलोमीटरवरील बदलापुरात येऊन स्थिरावला. २०११ च्या जनगणनेत या तीन शहरांची लोकसंख्या सव्वानऊ लाखांहून अधिक भरली. विस्थापितांची तिसरी-चौथी पिढी, कंत्राटी कामगारांची मुले, पहाटेची लोकल गाठणाऱ्या आईबापांची मुले आणि बदलापूरच्या भोवतालच्या ठाकर-कातकरी पाड्यांवरून चालत येणारी मुले, असा हा विद्यार्थिवर्ग आहे. त्याच्या घरी शिक्षणाची इच्छा आहे. नाही ती उसंत, जागा आणि हाती रोकड.

या भागाला परंपरा नाही असेही नाही. सर्वस्व गमावून आलेल्या सिंधी समाजाने डोक्यावर छप्पर येताच शाळा-महाविद्यालयांचा विचार केला. १९४९ साली स्थापन झालेल्या हैदराबाद (सिंध) नॅशनल कॉलेजिएट बोर्डाने १९६५ साली उल्हासनगरात चांदीबाई हिंमतमल मनसुखानी महाविद्यालय उभे केले. ज्यांना स्वतःचे गाव उरले नाही, त्यांनी पुढच्या पिढीसाठी महाविद्यालय उभारावे, ही गोष्ट नव्या विश्वस्तांनी विसरता कामा नये.

महाराष्ट्राचा अनुभवही हेच सांगतो. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींच्या मुलांना एकत्र राहावयास व जेवावयास लावले. त्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. परंतु मुलगा दानावर जगतो आहे ही भावना तेथे रुजू दिली गेली नाही; त्याच्या श्रमाला संस्थेत स्थान होते. १९५५ साली डॉ. अच्युतराव आपटे यांनी पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समिती स्थापन केली, तिच्याही मुळाशी हीच भूमिका होती. खेड्यातून आलेल्या मुलाला निवास व भोजन मिळावे, त्याने कामात हातभार लावावा आणि पुढे तोच मुलगा समितीचा कार्यकर्ता म्हणून परतावा. या संस्था टिकल्या त्या केवळ देणग्यांच्या बळावर नव्हेत. साहाय्य घेणाऱ्याचा स्वाभिमान त्यांनी सांभाळला, म्हणून त्यांना पुढची पिढी मिळाली.

याउलट आज पुष्कळ ठिकाणी काय दिसते? वह्यावाटपाचा कार्यक्रम ठरतो, पुढाऱ्याच्या सोयीने तारीख बदलते, वहीच्या मुखपृष्ठावर त्याचे छायाचित्र झळकते आणि मुलांना उन्हात रांगेत उभे करून प्रत्येकाच्या हाती वही देतानाचे चित्र टिपले जाते. आपण गरीब आहोत ही गोष्ट त्या मुलाने साऱ्या वर्गासमोर सिद्ध करावयाची आणि मोबदल्यात चार वह्या न्यावयाच्या! ही पद्धत थांबविणे हे नव्या मंडळाचे पहिले काम ठरावे. त्यास पैसा लागत नाही, केवळ ठराव लागतो.

विश्वस्तपदाची दुसरी बाजू याहून कठोर आहे, आणि बदलापूरने ती फार मोठी किंमत देऊन पाहिली आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये तेथील एका शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याचे उघडकीस आले. तक्रार नोंदविण्यासाठी पालकांना ताटकळावे लागले. २० ऑगस्ट रोजी संतप्त नागरिकांनी बदलापूर स्थानकात अनेक तास रेल्वे रोखून धरली, आणि मुंबई उच्च न्यायालयाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. पोलिसांना माहिती न दिल्याच्या आरोपावरून संस्थेच्या अध्यक्ष-सचिवांवरही गुन्हा नोंदला गेला. त्यांचा दोष ठरविणे हा न्यायालयाचा विषय आहे. तथापि विद्यार्थ्यांसाठी चालणाऱ्या प्रत्येक मंडळाने त्यातून घ्यावयाचा धडा स्पष्ट आहे. बालकांच्या लैंगिक अत्याचारांपासून संरक्षणाच्या २०१२ च्या कायद्याने अशा गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळविण्याचे बंधन घातले आहे, आणि आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा न कळविणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत कारावास व दंड सांगितला आहे. संस्थेची अब्रू वाचविण्यासाठी मुलाचे तोंड बंद करणे हा व्यवहारचातुर्याचा भाग नव्हे. तो अपराध आहे. अभ्यासिका चालविणाऱ्या अगदी छोट्या मंडळालाही हे लागू पडते.

म्हणूनच आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर निःसंदिग्ध असले पाहिजे. विश्वस्त अंतिमतः विद्यार्थ्याला जबाबदार असतो. संस्थेतील सर्वांत दुबळ्या मुलाची तक्रार मंडळाच्या बैठकीपर्यंत पोहोचते की नाही, आणि पोहोचल्यावर तिची नोंद इतिवृत्तात होते की नाही, यावरच मंडळाची योग्यता ठरते. ही वाट मोकळी राहावयाची असेल तर मंडळावर केवळ देणगीदार, व्यापारी व निवृत्त अधिकारी असून भागणार नाही. संस्थेच्या साहाय्याने शिकून नोकरीला लागलेला माजी विद्यार्थी, पाड्यावर शिकविणारी शिक्षिका, कारखान्यातील कामगार, घरकाम करून मुलांना शिकविणारी आई यांना तेथे खुर्ची मिळाली पाहिजे. बैठक कामाच्या दिवशी दुपारी ठेवली तर यांपैकी कोणीच येणार नाही. सबब बैठकीची वेळ हादेखील धोरणाचाच प्रश्न आहे.

कायद्याचे किमान पथ्यही दुर्लक्षून चालणार नाही. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमानुसार विश्वस्तांतील बदल ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयास कळवावा लागतो, हिशेब ठेवावे लागतात आणि दरवर्षी त्यांची तपासणी करून घ्यावी लागते. बदल अर्ज वेळेवर न गेल्याने जुनी व नवी मंडळे एकमेकांवर दावे लावून बसतात, बँकेचे खाते गोठते आणि परीक्षेची फी मात्र थांबत नाही. सबब नव्या सदस्याने प्रथम घटना, मागील हिशेब व इतिवृत्तपुस्तक वाचून काढावे, आणि न समजलेली गोष्ट विचारण्यास संकोचू नये. गप्प बसणारा सदस्य सज्जन समजला जातो. परंतु अफरातफर अशा सज्जनांच्या आडोशानेच वाढते.

आणखी एक भान समाजवाद्यांनी तरी सोडता कामा नये. सेवाभावी संस्था ही सरकारच्या कर्तव्याची भरपाई होऊ शकत नाही. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ करण्याचा निर्णय राज्य शासनाने घेतला, तो स्वागतार्हच आहे. पण लोकलचा पास, पुस्तके, राहण्याची सोय आणि दाखल्यांसाठी बुडणारी आईबापांची रोजी हा खर्च फीमाफीत बसत नाही. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, आधारशी जोडलेले बँकखाते आणि संगणकावर भरावयाचा अर्ज यांत कोठेतरी अडून शिष्यवृत्ती हुकते. संस्थेने एका मुलाची फी भरली तर एक वर्ष सावरते. त्याचा अर्ज कोठे व का अडला याची नोंद ठेवून अशी पन्नास प्रकरणे तहसील कार्यालयापुढे मांडली, तर पुढील पन्नासांची वाट मोकळी होते. दोन्ही कामे केली पाहिजेत, आणि दुसरे कटू वाटते म्हणून टाळता येणार नाही.

पक्षाच्या कार्यकर्त्यांनी या मंडळांवर अवश्य जावे. मात्र तेथे पक्षाचा फलक लावण्यासाठी जाऊ नये. अर्ज भरून द्यावेत, रात्री अभ्यासिकेची किल्ली सांभाळावी, हिशेब मांडावेत आणि मुलांचे ऐकावे. नव्या विश्वस्तांना हार्दिक शुभेच्छा! वर्षभराने पुन्हा सर्वसाधारण सभा भरेल, तेव्हा किती निधी जमला याबरोबरच किती मुलांनी शिक्षण सोडले आणि का सोडले, याचाही अहवाल त्यांनी सभेपुढे ठेवावा.