महिन्यातून दोनदाच छापायचं, तर प्रिंटर कुठला?

दोस्तांनो, या आठवड्यात एका पत्रापासूनच सुरुवात करू या. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या आठवीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. तिच्या बाबांनी रंगीत प्रिंटरसाठी पैसे बाजूला काढून ठेवलेत. एका दुकानदारानं सांगितलं, "टाकीवाला घ्या, पान लई स्वस्त पडतंय." दुसरा म्हणाला, "लेझरच घ्या, कटकट नको." शेवटी बाबा तिला म्हणाले, "कॉम्प्युटरमधलं तुला कळतंय, तूच सांग कुठला घ्यायचा." आणि पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात तिनं लिहिलंय, "चुकीचा निघाला तर काय करू? पैसे परत थोडेच येणार!"

खरंय. म्हणून आम्ही तिला उलटटपाली एकच प्रश्न विचारला : महिन्याला रंगीत पानं किती निघणार? तिचं उत्तर आलं, "चार-पाच. प्रकल्पासाठी फोटो, कधी तक्ता. मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत काहीच नाही."

बघा हं, या उत्तरातलं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे. प्रिंटर घेताना सगळे जण विचारतात, "किती पानं छापतो?" तुमच्यासारख्यांनी विचारायला हवं, "किती दिवस न छापता गप्प बसू शकतो?"

आमच्याच घरचं सांगतो. २०२० साली शाळा बंद झाल्या, अभ्यास मोबाईलवर आला आणि रोज सरावाची पानं छापायला लागायची, म्हणून आम्ही शाईचा प्रिंटर आणला. दोन वर्षं तो बिचारा रोज राबला, एकदाही कुरकुरला नाही. शाळा पुन्हा सुरू झाल्या, आणि त्याच्यावर भरतकामाचा रुमाल पडला. पुढच्या जूनमध्ये रुमाल काढून रंकाळ्याच्या संध्याकाळचा फोटो छापायला घेतला, तर आभाळ पिवळंजर्द आणि माणसांचे चेहरे कावीळ झाल्यासारखे! शाई तर भरलेली दिसत होती. मग झालं काय?

कोल्हापूर म्हणजे कलापूर. तुम्ही मंडळी तर बाबूराव पेंटरांच्या गावची. पेंटर आपल्या चित्रपटांची पोस्टरं स्वतः रंगवायचे. त्यांना हवा तो रंग कालवून घेता यायचा. प्रिंटरला कालवता येत नाही. त्याच्याकडे फक्त चार शाया : सायन नावाचा निळा, मॅजेंटा म्हणजे आपला किरमिजी, पिवळा आणि काळा. यांचे बारीक बारीक ठिपके तो शेजारी-शेजारी टाकतो आणि मिसळायचं काम आपल्या डोळ्यांवर सोडतो. पटत नसेल तर वर्तमानपत्रातल्या रंगीत फोटोवर भिंग धरा. लाल रंग म्हणून जे दिसतं ते किरमिजी आणि पिवळ्या ठिपक्यांचं मिश्रण असतं. आता किरमिजीच बंद पडला तर उरलं काय? पिवळं. आमचं आभाळ पिवळं झालं ते असं.

आणि किरमिजी बंद का पडला, ती गोष्ट मजेशीर आहे. १९७७ साली जपानमधल्या कॅनन कंपनीच्या प्रयोगशाळेत झाळकामाचं तापलेलं खिळं चुकून शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला लागलं. सुईच्या टोकातून शाईची चिळकांडी उडाली! उष्णतेनं आत बुडबुडा झाला आणि त्यानं शाई बाहेर ढकलली. या अपघातातून कॅननचा बबलजेट जन्मला. जवळजवळ त्याच सुमारास अमेरिकेत ह्युलेट-पॅकार्डची माणसंही आपल्या वाटेनं तिथंच पोचली आणि १९८४ मध्ये त्यांचा थिंकजेट बाजारात आला. आजही बऱ्याच प्रिंटरांत हीच युक्ती आहे. काहींत उष्णतेऐवजी विजेनं वाकणारा स्फटिक शाईला धक्का देतो.

ज्या भोकांतून शाई उडते ती आपल्या केसापेक्षाही कितीतरी बारीक असतात. शाईत पाणी असतं. वापर नसला की भोकाच्या तोंडाशी ते उडून जातं आणि रंगाची खपली धरते. आपल्या शाईच्या पेनाचं टोपण रात्रभर उघडं राहिलं की सकाळी काय होतं, तेच. दुकानदाराच्या भाषेत "हेड चोक झालं." मग संगणकावरून "हेड क्लीनिंग"चा हुकूम द्यायचा. प्रिंटर जोर लावून शाई ओढतो, आणि ती शाई जाते कुठे? आतल्या एका बोळ्यात! कागदावर एक ठिपकाही न उमटता. आम्ही तीनदा साफसफाई केली. फोटो सुधारला, पण शाई दिसण्याइतकी उतरली. कमी छापणाऱ्यांचं खरं खर्चाचं खातं हेच, आणि खोक्यावर "इतकी पानं निघतील" असं जे लिहिलेलं असतं त्यात ते धरलेलं नसतं. ती मोजणी एकामागून एक सलग पानं छापून करतात.

आता टाकीवाला. एप्सन कंपनीनं २०१० मध्ये इंडोनेशियात पहिल्यांदा तो विकायला आणला. बाटलीतून शाई ओतायची, पान अगदी स्वस्त. ज्या घरात शिकवणी चालते, रोज पाच-पन्नास पानं निघतात, तिथं याच्यासारखा दुसरा नाही. पण आपल्या मैत्रिणीचा हिशेब करू. महिन्याला पाच, म्हणजे वर्षाला ६० पानं. बाटल्यांत ६,००० पानांची शाई आहे असं धरा. संपायला किती वर्षं लागतील? शंभर! पणतवंडांना उरेल. शिवाय बहुतेक टाकीवाल्यांत हेड मशीनमध्येच बसवलेलं असतं. ते कायमचं चोक झालं तर दुरुस्तीचा आकडा ऐकून बाबा खुर्चीवर बसतील.

याउलट काही साध्या, स्वस्त प्रिंटरांत हेड चक्क कार्ट्रिजवरच असतं. कार्ट्रिज महाग, शाई थोडी, पान महाग, सगळं कबूल. पण चोक झालंच तर नवं कार्ट्रिज घातलं की हेडही नवं! जे जास्त छापतात त्यांना हा खड्ड्यात घालतो, आणि जे क्वचित छापतात त्यांना हाच सांभाळून घेतो. एक मात्र आधी विचारून घ्या : रंगीत शाई संपली तरी नुसतं काळं छापता येतं का? काही प्रिंटर अशा वेळी रुसून बसतात.

लेझरचं सगळंच निराळं. त्याचं मूळ तुमच्या कोपऱ्यावरच्या "झेरॉक्स"मध्ये आहे. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यू यॉर्कच्या ॲस्टोरिया भागात चेस्टर कार्लसननं स्थिर विजेच्या जोरावर कोरड्या पुडीची पहिली नक्कल काढली. लेझर प्रिंटरात शाई नसतेच. टोनर म्हणजे प्लॅस्टिकची रंगीत पूड असते आणि ती तापलेल्या रुळाखाली कागदावर वितळवून चिकटवतात. पूड वाळणार कशी? सहा महिने झाकून ठेवा, पहिलंच पान स्वच्छ. मग सगळ्यांनी हाच घ्यावा की! थांबा. रंगीत लेझरला चार टोनर लागतात, मशीन जड आणि महाग, आणि नकाशे-तक्ते झकास आले तरी फोटो शाईच्या प्रिंटरइतके गोड येत नाहीत. शाईच्या प्रिंटरसाठीचा चकचकीत फोटो-कागद त्यात चुकूनही घालू नका. त्याचा थर आत वितळून बसतो. तापताना तो वीज एकदम ओढतो, त्यामुळे घरच्या छोट्या यूपीएसवर तो लावायचा नाही.

आता जे कुठलाच दुकानदार सांगणार नाही ते. समजा, प्रिंटर १२,००० रुपयांचा आणि टिकला पाच वर्षं. वर्षाला २,४०० रुपये झाले. ६० पानांनी भागा. पानाला ४० रुपये, तेही शाई आणि कागद सोडून! दुकानात रंगीत पान समजा १० रुपयांना मिळालं तर वर्षाचा खर्च ६००. (तुमच्या भागातला दर विचारून हिशेब पुन्हा करा, आमच्या आकड्यांवर जाऊ नका.) दुकानात नेताना मात्र फाईल पीडीएफ करून न्या. नाहीतर त्यांच्या संगणकावर आपला फाँट नसला की काना-मात्रे इकडचे तिकडे होतात आणि "कोल्हापूर" वाचायला दुभाष्या लागतो.

पण रात्री नऊ वाजता बाहेर धो धो पाऊस, दुकानाचं शटर खाली आणि प्रकल्प उद्या द्यायचा, ही वेळही खरीच आहे. ती आम्ही हिशेबात धरली नाही असं म्हणू नका.

तर मैत्रिणी, आमचं मत असं. तुझी रंगीत पानं चार-पाचच आहेत. घरात साधी काळी पानं बऱ्यापैकी लागत असतील तर काळा-पांढरा लेझर घ्यावा आणि रंगीत फोटो दुकानातून आणावेत. रंग घरातच हवा असा हट्ट असेल तर कार्ट्रिजवर हेड असलेला छोटा प्रिंटर घ्यावा. त्याच्यावर दर रविवारी चारही रंग असलेलं एखादं छोटं चित्र छापायचं, सुट्टीतसुद्धा. गावाला जाणार असलात तर शेजारच्या काकूंना नाही सांगायचं, पण आल्याबरोबर पहिलं काम तेच. टाकीवाला तुमच्यासाठी नाही, दुकानदार कितीही गळ घालो.

आणि घेतलात तर एक सवय लावून घ्या. प्रिंटर बंद करायचा तो त्याच्याच बटणानं. मग तो हेड जागेवर नेऊन रबरी टोपणावर ठेवतो. आपण काय करतो? जाता जाता भिंतीवरचं बटण खट्कन दाबतो. हेड मधल्या मध्ये उघडंच राहतं आणि खपली धरायला सुरुवात! कागदाचं रीम पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. दमट कागद अडकतो.

दुकानात गेल्यावर हे विचार : "याचं हेड कुठंय, कार्ट्रिजवर की मशीनमध्ये? आणि नवं कार्ट्रिज आज दुकानात आहे का?" काय उत्तर मिळालं ते आम्हाला कळव. पत्रासोबत रंकाळ्याचा फोटो छापून पाठवलास तर तो भिंगाखाली आम्हीही बघू.