४४० हा आकडा अर्धाच आहे



तुमच्यापैकी काही जण शाळेच्या बँडमध्ये असतील. २६ जानेवारीच्या गार सकाळी, संचलनापूर्वी क्लॅरिनेट जुळवण्याची धांदल त्यांच्या परिचयाची असेल. मोबाइलवरील ट्यूनरचा काटा ४४० हर्ट्झच्या खालीच रेंगाळतो. 'सूर चढवा' असा हुकूम सुटतो. माउथपीसखालचा आखूड तुकडा, म्हणजे बॅरल, बाहेर ओढलेला असेल तर तो घाईने आत दाबला जातो. अर्ध्या तासाने तेच वाद्य चढे बोलू लागते आणि 'बेसूर' हा शिक्का वाजवणाऱ्याच्या कपाळी बसतो. माझ्या मते यात दोष मुलाचाही नाही आणि वाद्याचाही नाही. तापमान विसरून नुसत्या आकड्यामागे धावण्याचा तो दोष आहे.

४४० हा काही निसर्गाचा नियम नव्हे. पाश्चात्त्य संगीतातील 'ए' या स्वराची, म्हणजे आपल्या हार्मोनियमवरील पांढरी सहाची, कंपने सेकंदाला किती असावीत याविषयी माणसांनी केलेला तो करार आहे. १९३९ साली लंडन येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत तो ठरला. त्यापूर्वी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये हाच स्वर सुमारे ४५२ पर्यंत चढला होता. फ्रान्सने १८५९ मध्ये ४३५ हा आकडा ठरवला, पण ठरवताना त्यासोबत १५ अंश सेल्सिअस हे तापमानही नोंदवले. ही दुसरी नोंद आपण विसरतो.

तापमानाचा येथे संबंध काय? क्लॅरिनेटची नळी रीडच्या बाजूने बंद नळीसारखी वागते. म्हणून तिच्या मूळ स्वराची तरंगलांबी नळीच्या सुमारे चौपट असते. नेहमीच्या बी-फ्लॅट क्लॅरिनेटची सर्व भोके बंद केली की सुमारे १४७ हर्ट्झचा स्वर निघतो. बंद नळीत मूळ स्वरानंतर दुप्पट नव्हे, तर एकदम तिप्पट कंपनांचा स्वर येतो. १४७ ला तीनने गुणून पाहा. ४४१ येतात! डाव्या अंगठ्याजवळची चावी दाबून आपण जो 'ए' जुळवतो, तो जवळजवळ संपूर्ण नळीचाच स्वर असतो.

आता पुष्कळांना वाटते की नळी तापली की लांब होईल आणि स्वर उतरेल. प्रत्यक्षात उलटे घडते. दहा अंशांनी लाकडी नळीची लांबी केसाच्या जाडीइतकीही वाढत नाही. परंतु आतल्या हवेत ध्वनीचा वेग दर अंशाला सेकंदामागे सुमारे ०.६ मीटरने वाढतो. म्हणजेच नळीतील हवा दहा अंशांनी गार असेल, तर ४४० चा स्वर ४३२ च्या आसपास उतरतो. वाजवणाऱ्याच्या श्वासाने हवा तापत गेली की तो आपोआप चढतो. बॅरल आत दाबून आपण थंडीवर इलाज केलेला असतो, आणि थंडी तर पाच-दहा मिनिटांची पाहुणी असते.

बॅरल ओढण्याचा हिशेबही सरळ नाही. संपूर्ण नळीचा परिणामी लांबा सुमारे ५८ सेंटिमीटर धरला, तर एक मिलिमीटर ओढल्याने 'ए' पाऊण हर्ट्झने उतरतो. पण सर्व भोके उघडी असताना निघणारा ३४९ हर्ट्झचा 'एफ' केवळ २४-२५ सेंटिमीटर हवेचा असतो. त्याच एका मिलिमीटरने तो सुमारे १.४ हर्ट्झ उतरतो. भोके आपापल्या जागी पक्की असतात. म्हणून एक स्वर बिनचूक बसवण्याच्या नादात दुसरे बिघडतात. जुन्या ४५२ च्या क्लॅरिनेटला ४४० वर आणायचे तर सुमारे १६ मिलिमीटर ओढावे लागेल, आणि मग तो 'एफ' अर्ध्या स्वराहूनही अधिक घसरेल. असले वाद्य स्वस्तात मिळाले तरी घेऊ नये.

कोणी म्हणेल, हातात ट्यूनर असताना एवढा विचार कशाला? ट्यूनर स्वर किती चुकला ते सांगतो, का चुकला ते सांगत नाही. तेव्हा आधी दहा मिनिटे वाजवून वाद्य तापवा आणि मगच बॅरलला हात लावा. एका स्वरावर न थांबता खालचे, मधले, वरचे असे तीन-चार स्वर तपासा. ४४० च्या नादकाट्याबरोबर 'ए' वाजवून कान द्या. आवाज सेकंदाला तीनदा कमीजास्त होत डोलला, तर फरक तीन हर्ट्झचा आहे. डोलणे थांबले की स्वर जुळला.

जी गोष्ट वाद्याची, तीच प्रयोगवहीची. अनुनाद नळीच्या प्रयोगात पुष्कळ विद्यार्थी हवेच्या स्तंभाची लांबी मिलिमीटरपर्यंत मोजतात आणि खोलीचे तापमान लिहायचे विसरतात. मग उत्तर पुस्तकाशी जुळावे म्हणून आकडे ओढूनताणून बसवतात. तसे करू नका. वहीच्या पहिल्या ओळीत तापमान लिहा. ते लिहिले, तर पुस्तकापेक्षा वेगळे आलेले उत्तरही बरोबर असू शकते.