कुटुंबाचे आरोग्य : छाती न उघडता अन्ननलिकेतला कॅन्सर निघतो का?



एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या पतीच्या गालाच्या कॅन्सरचे ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी झाले. आता पुन्हा तपासताना अन्ननलिकेत लालसर डाग सापडला. तुकडा तपासला तर तोही कॅन्सर, पण अगदी सुरुवातीचा. डॉक्टर म्हणतात, दुर्बिणीतूनच काढू. सासरची मंडळी म्हणतात, "छाती न उघडता मुळे कशी निघतील? अन् हात लावला की तो पसरतो." ताईंनी विचारले आहे, मी कोणाचे ऐकू?

ताई, डॉक्टरांचे ऐका, पण चार प्रश्न विचारून ऐका. तपासणीसाठी तुकडा घेतल्याने हा कॅन्सर पसरतो, ही समजूत खरी नाही. केवळ ऐकीव आहे म्हणून मानू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते. ते दवाखान्यातही लागू पडते.

आता मुळांविषयी. अन्ननलिका ही साधारण २५ सेंटिमीटर लांबीची नळी. तिच्या भिंतीला थर असतात आणि हा कॅन्सर सर्वांत आतल्या अस्तरात सुरू होतो. तो त्या वरच्या थरातच असेल तोवर लसिका गाठींपर्यंत गेलेला असण्याचा संभव फार कमी. म्हणजे मुळे अजून खाली उतरलेलीच नसतात. खोल थरात शिरला, तर मात्र छाती-पोटाचे मोठे ऑपरेशन किंवा औषधांसह किरणोपचार, ज्याला आपण 'लाईट देणे' म्हणतो, यांचा विचार करावा लागतो.

दुर्बिणीतून काढतात कसे? रोग्याला भूल देतात. अन्ननलिकेत आयोडीनचे पाणी फवारतात. निरोगी अस्तर तपकिरी होते, रोगट जागा फिकी राहते. तिच्याभोवती खुणा करतात. मग सुईने अस्तराखाली द्रव सोडतात, म्हणजे तेवढा भाग फोडासारखा वर उचलला जातो. विजेवर चालणाऱ्या बारीक सुरीने कडेने कापून तो सोलून काढतात. डाग लहान असेल तर तारेच्या फासानेही निघतो. ही सोलण्याची पद्धत जपानमध्ये १९९० च्या दशकात आधी जठराच्या कॅन्सरसाठी तयार झाली, नंतर अन्ननलिकेसाठी वापरात आली. शक्यतो एकाच तुकड्यात काढतात, कारण तुकडे तुकडे झाले तर कडेला रोग उरला की नाही हे नीट कळत नाही.

धोका मुळीच नाही असे मी लिहिणार नाही. रक्तस्राव होऊ शकतो. क्वचित भिंतीला भोक पडते. ते बहुधा दुर्बिणीतूनच चिमटे लावून बुजवतात. नळीच्या घेराचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग सोलला, तर काही आठवड्यांनी जखम आवळते आणि घास अडकू लागतो. तेव्हा फुग्याने नळी रुंद करावी लागते, कधी अनेक वेळा. तरीही छाती उघडण्याच्या मानाने हे फारच हलके. फक्त हात सरावाचा हवा. "तुमच्याकडे अशा किती केसेस होतात?" हे विचारण्यात अपमान काहीच नाही.

इतर वाचकांनी लक्षात घ्यावे, या अवस्थेत बहुधा काहीच त्रास नसतो. भाकर घशाखाली उतरेना, माणूस ती डाळीत कुस्करून खाऊ लागला, हे घरातल्या बाईच्या आधी ध्यानात येते. पण तोवर रोग बराच वाढलेला असतो. तरीही तेव्हा दुर्बीण टाळू नका. तंबाखू आणि दारू या दोन्हींची जोड असणाऱ्याला धोका सर्वांत जास्त. वंदनेत पाचवे शील म्हणायचे अन् बाहेर येऊन चुन्याची डबी काढायची, हे आपल्याकडे किती चालते ते काय सांगावे! ज्यांना तोंडाचा वा घशाचा कॅन्सर होऊन गेला, त्यांनी अन्ननलिका तपासण्याविषयी डॉक्टरांना जरूर विचारावे. या पत्रातल्या भाऊंचा डाग तसाच वेळीच सापडला.

ताई, दाखल होण्याआधी रेशनकार्ड घेऊन आरोग्यमित्राला भेटा आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हा उपचार बसतो का, हे विचारा. नंतर काही दिवस पातळ पदार्थच द्या. काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट आला की दोन गोष्टी समजून घ्या : कडा स्वच्छ आहेत का, आणि रोग किती खोल होता. खोल निघाला तर पुढचा उपचार सांगतील, तो टाळू नका. स्वच्छ निघाला तरी ठरल्या तारखेला पुन्हा दुर्बीण करावीच लागेल. तेव्हा रिपोर्ट आणि जुनी फाईल सोबत न्या.